आमच्या गल्लीतील संगीत विद्यालय : एका शेजारी-पालकाचे परीक्षण

पुण्याच्या कर्वेनगरमधील आमच्या गल्लीत, आमच्या इमारतीला लागून असलेल्या एका जुन्या बंगल्यात, गेली काही वर्षे एक संगीत विद्यालय चालते. गायन, हार्मोनियम, तबला, कीबोर्ड, गिटार आणि अलीकडे ड्रम्स एवढे विषय तेथे शिकवले जातात. माझी मुलगी तेथे तबला शिकते, आणि आमच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी बरोबर त्या बंगल्याच्या तबल्याच्या खोलीसमोर येते. म्हणजे एका विषयाची फी भरणारा पालक आणि उरलेले सर्व विषय फुकट ऐकणारा शेजारी अशा दोन्ही नात्यांनी मी या विद्यालयाला ओळखतो. त्याच्याविषयीचे अभिप्राय वाचले तर पालकांनी पाच तारे देऊन शिक्षकांची स्तुती केलेली दिसते आणि शेजाऱ्यांनी एक तारा देऊन राग काढलेला दिसतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे, फक्त दोघे एकमेकांचे वाचत नाहीत. विद्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण रहिवासी आणि विद्यालय यांच्यातील बोलणी अजून चालू आहेत आणि ती बऱ्यापैकी सामोपचाराने चालली आहेत.

आधी शिकवण्याबद्दल लिहितो, कारण तेथे हात आखडता घेण्याचे काही कारण नाही. तबल्याचे सर पन्नाशीचे आहेत, कधी आवाज चढवत नाहीत आणि मुलांना घाई करू देत नाहीत. नवा बोल (तबल्याची अक्षरे) आला की तो आधी तोंडाने म्हणायचा, मग हातावर टाळी-खाली दाखवत म्हणायचा, आणि ठाय (संथ) लयीत तो स्वच्छ आला तरच वाद्याला हात लावायचा, हा त्यांचा शिरस्ता आहे. ‘तिरकिट’ वाजवताना मुलांची बोटे अडखळतात आणि अडखळलेले झाकण्यासाठी मुले लय वाढवतात. असे झाले की सर एक शब्दही न बोलता आपला तळवा त्या मुलाच्या तबल्यावर पसरून ठेवतात. नाद तेथल्या तेथे मरतो, मूल वर पाहते, सर बोटाने शाईचा, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या वर्तुळाचा, कडेचा भाग दाखवतात, आणि निम्म्या लयीत पुन्हा सुरुवात होते. ‘धा धा तिट धा धा तूं ना’ हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे तबल्यावरील ठरीव बोलरचना, माझ्या मुलीने वर्गात बसून पाठ केला आणि मी खिडकीत उभा राहून. तिहाईला, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायच्या तुकड्याला, अजून आम्ही दोघेही कच्चे आहोत.

गायनाच्या ताईंचीही पद्धत अशीच शिस्तीची आहे. लहान मुलांना त्या थेट भावगीतांकडे नेत नाहीत, जरी बहुतेक पालकांची तीच इच्छा असते. अलंकार आणि पलटे (स्वरांचे ठरीव सराव) घटवून झाल्यावर भूप आणि दुर्गा या रागांपासून सुरुवात करतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसवली जातात, पण परीक्षेपुरते शिकवणे चालत नाही, आणि मुलाची तयारी नसेल तर ‘या सत्राला राहू द्या’ असे पालकांना स्पष्ट सांगितले जाते. हे सांगण्याचे धैर्य अनेक क्लासांत नसते. गिटार आणि कीबोर्डच्या वर्गांबद्दल मला भिंतीपलीकडून जेवढे कळते तेवढेच कळते. तेथील शिक्षक तरुण आहेत, लवकर बदलतात, आणि तीच ती चार-पाच गाणी दर जूनमध्ये नव्याने सुरू होतात.

विद्यालयाची खरी अडचण त्याच्या जागेत आहे. बंगला राहण्यासाठी बांधलेला आहे. पुढच्या दिवाणखान्यात गायन, मागच्या खोलीत तबला, वरच्या दोन खोल्यांत गिटार आणि कीबोर्ड, आणि जेथे पूर्वी मोटार उभी राहत असे त्या गॅरेजमध्ये ड्रम्स, अशी विभागणी केलेली आहे. आतल्या भिंती साडेचार इंची विटांच्या, फरशी गुळगुळीत, छत सपाट, खिडक्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या, आणि दारांखाली बोटभर फट. अशा खोलीत पाच मुले एकाच वेळी तबला वाजवू लागली की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि घुमतो. सरांना कोणाचा बोल चुकला हे ऐकू येईनासे होते, मग ते दार-खिडकी उघडायला सांगतात, कारण दार-खिडकी उघडली की घुमणे कमी होते. जे घुमणे खोलीतून कमी होते ते आमच्याकडे येते.

याहून गंभीर गोष्ट खोल्यांच्या आपसातील गळतीची आहे. ताई मुलींना काळी चार किंवा काळी पाच या पट्टीमध्ये गायला बसवतात आणि त्याच वेळी बरोबर वरच्या खोलीत कीबोर्डवर भलत्याच पट्टीतले गाणे चालू असते. ज्या मुलांना षड्ज (सा) धरणे हेच अजून शिकायचे आहे त्यांच्या कानावर एकाच वेळी दोन षड्ज पडतात. तानपुऱ्याचे ॲप ताई ब्लूटूथ स्पीकरवर लावतात. वरून कीबोर्डचा आवाज येऊ लागला की तानपुरा मोठा होतो, तानपुरा मोठा झाला की मुले अधिक जोर लावून गातात, मुले जोर लावून गाऊ लागली की वरचे शिक्षक कीबोर्डचा आवाज वाढवतात, आणि सहा वाजता सुरू झालेली ही चढाओढ साडेसात वाजता आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचते. खर्जातील (खालच्या सप्तकातील) स्वर शांतपणे लावण्याचा अभ्यास या गोंगाटात होऊच शकत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे, आणि हे मी विद्यालयातही मांडले, की शेजाऱ्यांना जो आवाज नको आहे तोच आवाज वर्गातल्या मुलांचे नुकसान करतो आहे. शेजाऱ्यांसाठी उपकार म्हणून नव्हे, तर ज्या शिक्षणाची फी घेतली जाते ते नीट व्हावे म्हणून या खोल्यांवर खर्च व्हायला हवा.

पुण्यात शेजारी गाण्याचा क्लास असणे ही काही नवी गोष्ट नाही. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आणि विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय या संस्था पेठांच्या दाट वस्तीतच मोठ्या झाल्या, आणि त्यांच्या शेजारी राहणे हे कोणी संकट मानल्याचे ऐकिवात नाही. त्या काळातील लोक अधिक रसिक होते असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रसिकता असेलही, पण वाड्यांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती होत्या, तानपुरा लाकडाचा होता, आणि गळ्याला वीज लागत नव्हती. आजच्या विद्यालयात स्पीकर आहे, ॲम्प्लिफायर आहे आणि गॅरेजच्या पत्र्याच्या शटरमागे बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आहे. तेव्हा ‘पूर्वी नव्हत्या बाई अशा तक्रारी’ हा विद्यालयाच्या बाजूने नेहमी येणारा मुद्दा मला पटत नाही.

शेजाऱ्यांच्या तक्रारीही एकजिनसी नाहीत, आणि त्या वेगवेगळ्या करून पाहिल्याशिवाय त्यांवर उपाय सापडणार नाही. तळमजल्यावरील आजोबांची खोली गॅरेजला लागून आहे. त्यांना ड्रम्सचा कर्कश भाग ऐकूही येत नाही, पण बास ड्रमचा प्रत्येक ठोका त्यांना पलंगाच्या लोखंडी चौकटीत जाणवतो. कमी कंप्रतेचा आवाज भिंतीतून सहज पार होतो आणि जमिनीतूनही प्रवास करतो, त्यामुळे खिडक्या बंद करून त्यांना काहीच उपयोग होत नाही. दुसऱ्या मजल्यावरील एक ताई रुग्णालयात परिचारिका आहेत आणि रात्रपाळी असली की संध्याकाळी झोपून उठतात. एका घरात बारावीचा मुलगा आहे. घरून काम करणाऱ्या दोघा-तिघांची बैठक नेमकी सहा वाजता असते आणि पलीकडच्या टोकाला बसलेल्या बंगळूरच्या मंडळींना ‘तुमच्याकडे लग्न आहे का’ असे विचारावेसे वाटते. या सर्वांत गायनाबद्दल तक्रार करणारे जवळजवळ कोणी नाही. तबल्याबद्दलची तक्रार मध्यम आहे आणि ती एकाच वेळी पाच जण वाजवतात तेव्हाची आहे. खरा वाद ड्रम्सचा आणि रविवार सकाळचा आहे. दुपारी एक ते चार विद्यालय बंद असते, याबद्दल मात्र गल्लीत पूर्ण एकमत आणि समाधान आहे.

शेजाऱ्यांच्या बाजूनेही थोडे दुटप्पीपण आहे, हे लिहिले पाहिजे. पावसाळ्यात नदीपात्राकडून ढोलपथकांच्या सरावाचे ठोके येतात तेव्हा आमच्यापैकी बरेच जण गॅलरीत उभे राहून पायाने ताल धरतात. मंडपाचे स्पीकर दहा दिवस सहन करणारी माणसे शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीच्या सारेगमबद्दल लेखी अर्ज करतात. याला एक समर्थनीय कारण मात्र आहे. उत्सवाचा आवाज कधी संपणार हे माहीत असते, आणि शिकाऊ मुलाचा आवाज संपत नाही. शिवाय तो एका चुकीपाशी येऊन अडतो, मागे जातो, आणि पुन्हा त्याच चुकीपाशी येतो. ऐकणाऱ्याचे मन पुढचा स्वर आपणहून पुरा करू पाहते आणि तो पुरा होत नाही. त्रास मोठेपणापेक्षा या अडकण्याचा अधिक आहे, आणि त्याला डेसिबलमध्ये मोजता येत नाही.

मोजता येते ते कायद्याला चालते, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा किंवा वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये, आणि मर्यादा १० किंवा त्याहून अधिक डेसिबलने ओलांडली गेल्यास नागरिकाला तक्रार करता येते. आमच्या इमारतीतील बहुतेकांचा समज असा होता की रात्री दहाच्या आधी काहीही चालते आणि दहानंतर काहीही चालत नाही. यातील पहिला अर्धा भाग चुकीचा आहे. तरीही कायद्याच्या आधारे हे प्रकरण तडीस जाईल असे मला वाटत नाही. मोबाईलवरील ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, त्यासाठी प्रमाणित ध्वनिमापक लागतो. आमच्या गल्लीत एखादी जुनी दुचाकी गेली तरी ॲपवर ड्रम्सपेक्षा मोठा आकडा उमटतो. आणि नियमांत मोजणीची जी पद्धत आहे ती माणसाच्या कानाला जुळवलेली असल्याने खालच्या पट्टीतील आवाजाला कमी वजन देते, म्हणजे आजोबांच्या पलंगात येणारा ठोका कागदावर आणखी लहान होतो. इमारतीतील एका गृहस्थांनी रहिवासी आणि विद्यालय यांच्या बैठकीत असाही युक्तिवाद केला की शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो, संगीत विद्यालय ही शैक्षणिक संस्था आहे, सबब संगीत विद्यालयाभोवती शांतता पाळली गेली पाहिजे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने अधिसूचित केल्याशिवाय कोणताही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही, त्यामुळे हा युक्तिवाद टिकणारा नाही. पण बैठकीतील वातावरण त्याने बरेच हलके झाले.

ही बैठक विद्यालयाच्याच दिवाणखान्यात झाली. तोपर्यंत तक्रारींना मिळणारी वागणूक चांगली नव्हती, आणि परीक्षणात त्याचे गुण कापलेच पाहिजेत. कार्यालयातील मुलगी दूरध्वनी उचलून ‘मॅडम आल्या की सांगते’ एवढेच म्हणत असे, मॅडम परत फोन करत नसत, आणि एकदा तर तक्रार करणाऱ्या काकूंना ‘तुम्हाला गाण्याची आवड नाही का’ असे विचारले गेले होते, जे काकू अजून विसरलेल्या नाहीत. बैठकीतही सुरुवात त्याच सुरात झाली. संचालिकाबाई म्हणाल्या, “अहो काका, चार चांगले सूर कानावर पडले तर बिघडलं कुठं?” तळमजल्यावरचे आजोबा शांतपणे म्हणाले, “चांगले पडले तर काहीच बिघडत नाही हो ताई, पण रोज सहा वाजता तो एक मुलगा त्याच जागी चुकतो आणि मला वाटतं, उठून जावं आणि दाखवावं.” यावर तबल्याचे सर हसले आणि म्हणाले, “मलाही तेच वाटतं, पण तो दुसऱ्या खोलीतला आहे.” त्यानंतर कला विरुद्ध कटकट असा जो वाद होणार होता तो झाला नाही आणि बोलणे खोल्या, भिंती आणि वेळा यांच्यावर आले.

विद्यालयाने त्याआधी स्वतःच्या कल्पनेने एक उपाय केलेला होता. गॅरेजच्या आतल्या बाजूस अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ओळीने चिकटवले होते. हा उपाय सगळीकडे दिसतो आणि सगळीकडे फसतो. असे ट्रे वरच्या पट्टीतील थोडा आवाज शोषतात, त्यामुळे खोलीत बसलेल्याला घुमणे किंचित कमी झाल्यासारखे वाटते. पण बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागते, आणि पुठ्ठ्याला वजन नसते. भर म्हणून तो चटकन पेटतोही, आणि त्या गॅरेजमध्ये विजेच्या तारा फरशीवरून मोकळ्या फिरलेल्या आहेत. मुले आत असताना ही गोष्ट मला आवाजापेक्षा अधिक काळजीची वाटली आणि ट्रे काढले गेले तेव्हा हायसे वाटले.

खरा उपाय काय, याचा अंदाज घेण्यासाठी विद्यालयाने पुढे ध्वनिरचनेचे काम करणाऱ्या एका जाणकाराला बोलावले, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. त्याने सांगितलेले सार असे की आवाज पाण्यासारखा असतो, फट सापडली की भिंत कितीही जाड असली तरी तो तेथून जातो, म्हणून आधी फटी बुजवायच्या. पोकळ दाराच्या जागी भरीव दार, त्याला चहूबाजूंनी रबरी पट्टी आणि खाली उंबरठ्याला टेकणारी झडप. सरकत्या खिडकीच्या आत थोडे अंतर सोडून दुसरी जाड काचेची बंद खिडकी. आणि ड्रम्सच्या खोलीसाठी मूळ भिंतीपासून सुटी उभी केलेली धातूची चौकट, तीत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर. ड्रम्स ठेवण्यासाठी रबरावर तोललेला लाकडी चौथरा वेगळा, कारण ठोका जमिनीत शिरला तर भिंतीवर केलेला खर्च वाया जातो.

यातील सर्वांत अवघड गोष्ट, जी बैठकीत कोणाच्याच लक्षात आली नव्हती, ती हवेची आहे. फटी बुजवल्या की आवाजाबरोबर वाराही बंद होतो. पुण्याचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, आणि याच दिवसांत उन्हाळी सुट्टीचे वर्ग सर्वाधिक भरलेले असतात. दार-खिडकी लावून दहा मुलांना त्या खोलीत बसवणे शक्य नाही. म्हणजे एसी आला, बाहेरची हवा आत घेण्याची सोय आली, एसीचे बाहेरचे यंत्र कोणाच्या खिडकीखाली बसवायचे हा नवा वाद आला, आणि महिन्याचे वीजबिल आले. हा सगळा खर्च भाड्याच्या बंगल्यात करायचा की नाही, हा विद्यालयाचा पेच मला समजतो. तरीही गायन आणि तबल्याच्या दोन खोल्यांची दारे बदलणे, फरशीवर जाड सतरंज्या घालणे आणि भिंतींवर कापडी पट्टे लावणे एवढे त्यांनी केले आहे, आणि फरक दोन्ही बाजूंना पडला आहे. आता पाच जणांच्या वर्गात कोणाचा डावा हात मागे राहतो ते सरांना ऐकू येते, असे मुलगीच सांगते. आमच्याकडे तबला अजून येतो, पण बोल वेगळे कळण्याइतका येत नाही, आणि गंमत म्हणजे त्यामुळे तो मागे पडून जातो.

ड्रम्सच्या बाबतीत सध्याची व्यवस्था अर्धीमुर्धी आहे. नवशिक्यांना इलेक्ट्रॉनिक ड्रम्स आणि हेडफोन देण्यात आले आहेत. याने झांजांचा आणि स्नेअर या कर्कश ड्रमचा त्रास जवळजवळ संपला. पण पायाच्या पेडलचा धक्का जमिनीत जायचा तो जातोच, आणि रबरी चटई त्याला पुरी पडत नाही. आजोबांच्या पलंगात ठोके येतात, पूर्वीपेक्षा बारीक येतात एवढेच. वरच्या श्रेणीची मुले मात्र आठवड्यातून दोन दिवस खरे ड्रम्स वाजवतात, आणि त्यांच्या शिक्षकांचे म्हणणे असे की खऱ्या कातड्याचा आणि पत्र्याचा अंदाज आल्याशिवाय हात तयार होत नाही. ते बरोबर असावे. मग त्यासाठी खोलीही खरी हवी, आणि तोलाचा चौथरा अजून आलेला नाही. या विषयापुरते विद्यालयाला माझ्याकडून नापास. येथे एक गोष्ट ड्रम्सच्या पालकांसाठी लिहून ठेवतो. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास ही कानांसाठी धोक्याची सीमा मानली जाते, आणि बंद गॅरेजमधील ड्रम्स हा आकडा सहज मागे टाकतात. वेळ कमी असला तरी मुलांना कानात घालायची बुचे द्यावीत असे शिक्षकांना सांगणे आवश्यक आहे. मी पाहिले तेव्हा शिक्षकांनी ती स्वतः घातली होती आणि मुलांनी नव्हती.

गल्लीतील गोंगाटाचा मोठा वाटा वाद्यांचा नसून आम्हा पालकांचा आहे, हे पालक म्हणून मान्य करावे लागते. सहाचा वर्ग सुटतो आणि सातचा भरतो त्या दहा मिनिटांत फाटकासमोर दुचाक्या तिरक्या लागतात, दोन मोटारी इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात, कोणीतरी ‘लवकर ये गं’ असे रस्त्यावरून ओरडते, आणि आमच्या इमारतीतून बाहेर पडू पाहणारा माणूस हॉर्न वाजवतो. विद्यालयाने फाटकावर ‘येथे वाहने लावू नयेत’ अशी पाटी लावली, जिच्यासमोर आता वाहने लागतात. वर्गांच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढेमागे केल्यावर मात्र गर्दी बरीच पांगली, आणि हा उपाय कोणत्याही जिप्सम बोर्डापेक्षा स्वस्त पडला.

तसाच स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरलेला उपाय म्हणजे वेळापत्रक. खरे ड्रम्स फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, साडेपाच ते साडेसहा. रविवारी नऊच्या आधी कोणतेही वाद्य नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा चालू असताना सामूहिक सराव नाही. आणि वार्षिक कार्यक्रमाची रंगीत तालीम गच्चीवर न करता बाहेरच्या सभागृहात. हे सर्व एका कागदावर छापून आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर लावले गेले, आणि खाली एक मोबाईल क्रमांक दिला गेला, जो आता उचलला जातो. परिचारिका ताईंनी आपल्या रात्रपाळ्या त्या कागदाशी जुळवून घेतल्या. ड्रम्सचा आवाज तेवढाच असूनही मंगळवारची तक्रार जवळपास थांबली आहे. गुरुवारी पावणेसात झाले तरी ठोके चालू असले तर मात्र पूर्वीपेक्षा जास्त लोक चिडतात, आणि ते योग्यच आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात. आमच्या विषयाची फी महिन्याला १,८०० रुपये आहे आणि आठवड्यातून दोन वर्ग होतात. पावती न मागता मिळते. शिक्षक गैरहजर राहिले तर भरपाईचा वर्ग होतो, मूल गैरहजर राहिले तर होत नाही. वाद्ये बरी आहेत, तबल्यांचे गजरे (पुडीच्या कडेचे चामडी वेढे) वेळच्या वेळी ठोकून सूर जुळवलेला असतो, दोन डग्गे मात्र बदलायला झाले आहेत. स्वच्छतागृह लहान मुलांच्या सोयीचे नाही. पाण्याचा फिल्टर बंद असतो, म्हणून बाटली बरोबर द्यावी.

माझ्याकडून गायन आणि तबल्याला चार तारे, जागेला दोन, तक्रारींच्या हाताळणीला बैठकीपूर्वी एक आणि आता तीन. ड्रम्ससाठी मुलाचे नाव घालणार असाल तर चौथरा बसला का आणि कानांची बुचे मिळतात का, हे आधी विचारा. उत्तर ‘लवकरच’ असे आले तर जून सोडून पुढच्या सत्रापर्यंत थांबा. विद्यालयाच्या शेजारी घर भाड्याने पाहत असाल तर ते संध्याकाळी सहा ते सात या वेळेत पाहा, दलाल दुपारी तीनला दाखवायला नेईल तेव्हा गल्लीत चिटपाखरू नसते. आणि मुलाला सोडायला येणाऱ्यांनी गाडी मागच्या रस्त्याला लावावी, तेथून बंगला दोन मिनिटांवर आहे. तबल्याचे संध्याकाळचे वर्ग सध्या भरलेले आहेत. शनिवार सकाळच्या वर्गात दोघा-तिघांची सोय होईल असे कार्यालयात सांगितले जाते.